तलावाकडचा रस्ता मोकळा आहे

१

अंजनाबाईला वाघाने नेलं, यावर आसनटोल्यात कुणाचा वाद नव्हता. वाद होता तो तिला तलावाकडे पाठवलं कुणी, यावर. चार दिवसांत गावाने त्याचं उत्तरही ठरवून टाकलं होतं. ते उत्तर रविवारी सकाळी साडेआठला पोंभुर्ण्यात रशिदाच्या ऑनलाइनच्या दुकानासमोर येऊन उभं राहिलं. डोळे सुजलेले, आणि दोन्ही पायांत वेगवेगळ्या जोडांतल्या चपला.

"नीलिमा? आत ये. उन्हात काऊन उभी हायेस?"

नीलिमा आत आली आणि ग्राहकांच्या बाकावर बसली. एके काळी ती काउंटरच्या आतल्या खुर्चीवर बसायची. दोन वर्षं तिने याच दुकानात दाखले काढले होते, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरले होते.

रशिदा शेख पन्नाशीला आलेली, अठरा वर्षं दुसऱ्यांचे फॉर्म भरणारी बाई. माणसाची जीभ सराईतपणे खोटं बोलते, पण फॉर्म भरताना हात अडखळतो, असं तिचं मत होतं. गेल्या साली एका मुलीच्या जन्मदाखल्यात तीन वर्षं कुणी वाढवली हे तिने नुसतं आकड्यांच्या वळणावरून ओळखलं होतं आणि एक लग्न थांबलं होतं. तेव्हापासून लोक तिच्याकडे दाखल्यांबरोबर भानगडीही घेऊन येत. तिचा नवरा शफी यावर म्हणे, भानगडीची पावती फाडत जा.

"आपा, उद्या अकरा वाजता ग्रामसभा हाय," नीलिमा म्हणाली. "ज्योत्स्नानं ठाण्यात द्यायचा अर्ज लिवला हाय. माह्यामुळं तिची माय मेली म्हणून. सभेत वाचतीन, अन् मंग सारे मिळून ठाण्यात जातीन."

ज्योत्स्ना म्हणजे अंजनाबाईची मुलगी. ती आणि नीलिमा दहावीपर्यंत एका बाकावर बसल्या होत्या, हे रशिदाला ठाऊक होतं. दोघींचे निकाल तिनेच काढून दिले होते.

"ते 'जागल्या'वरची पोस्ट?"

नीलिमाने मान हलवली. 'जागल्या' हे आसनटोला आणि भोवतालच्या गावांचं फेसबुकवरचं पेज. चंद्रपूरच्या एका संस्थेने ते सुरू केलं होतं आणि दोन वर्षांपासून नीलिमा ते चालवत होती. जनावर कुठे दिसलं, कुठे जाऊ नका, एवढंच त्यावर असे. मोहफुलाच्या दिवसांत बाया उजाडायच्या आत रानात जातात, कारण फूल पहाटे गळतं आणि उशीर केला तर गुरं खातात. निघण्याआधी घरातलं कुणीतरी फोन उघडून 'जागल्या' बघे. बुधवारी पहाटे त्यावर आलं होतं: 'आज तलावाकडचा रस्ता मोकळा आहे. मोहफूल वेचण्यास जाण्यास हरकत नाही.' पाच बाया गेल्या, चार परत आल्या.

"ती पोस्ट तू टाकली?"

"नाई."

"मंग कोनाच्या नावानं हाय?"

नीलिमाने आपला फोन काउंटरवर ठेवला. पेजच्या आतल्या नोंदीत पोस्ट कुणी टाकली ते दिसतं. तिथे तिचंच नाव होतं.

२

चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची म्हटली तरी आधी संन्यासी कोण ते कळावं लागतं. रशिदाने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, वाया गेलेला एक झेरॉक्सचा कागद उलटा केला आणि नीलिमाला पहिल्यापासून सांगायला लावलं.

काम सोपं होतं. वारलूभाऊ म्हणजे अंजनाबाईचा सख्खा थोरला भाऊ, साठीचा, रानाची खडान्‌खडा माहिती असलेला. तो रोज पहाटे चारला तलावापर्यंत फेरी मारी. काठावरच्या पायखुणांचा फोटो काढी आणि फोनवर संस्थेने दिलेला छोटा फॉर्म भरून पाठवी: ठिकाण, जनावर, फोटो. ती नोंद एका शीटमध्ये येई. नीलिमा उठून ती वाचे, पेजवर पोस्ट टाके आणि शीट नीटनेटकी करून ठेवी.

"अन् बुधवारी?"

"मी ब्रह्मपुरीत होती. परीक्षा होती तीन दिवस, सोमवार ते बुधवार. प्रणितसर म्हनले, पेज मी पाहतो, तू अभ्यास कर." प्रणित हा संस्थेचा कॉम्प्युटरचं सगळं बघणारा माणूस, चंद्रपूरच्या ऑफिसात बसणारा. "पर फोन माह्याजवळच होता ना, आपा. मंग गाव म्हनते, फोन तुह्याजवळ, नाव तुहं, परीक्षेच्या घाईत काहीबाही टाकून देल्लं."

"टाकलं का?"

"मी साडेसहाले उठली."

रशिदाने पेज उघडून खाली खाली वाचत नेलं. नीलिमाच्या पोस्टी ओळखायला कष्ट पडत नव्हते. 'बायाहो आज तलावाकडे जाऊ नका बापा, पान्याजवळच हाय, पोराइले बी सांगा.' ना पूर्णविराम, ना शुद्धलेखन, पण वाचल्यावर कुणीही पाऊल मागे घेईल असं लिहिणं. परीक्षेच्या तीन दिवसांतल्या पोस्टी मात्र सरकारी नोटिशीसारख्या होत्या. सोमवार, मंगळवार, बुधवार. तिन्ही अक्षरन् अक्षर सारख्या. वेळा तेवढ्या वेगळ्या: चार चोवीस, चार एकेचाळीस, चार तेवीस. रशिदाने त्या कागदावर उतरवल्या.

मग शीट. सोमवारी वारलूची नोंद: चितळ. मंगळवारी: रानडुक्कर. बुधवारी काहीच नाही.

"वारलूभाऊ म्हनते मी पाठवलं," नीलिमा म्हणाली. "प्रणितसर म्हनते आलंच नाई. गावात कोनी म्हनते भाऊ बहिणीच्या दुःखानं भरमला."

पेजचा पासवर्ड नीलिमाकडे होता आणि प्रणितकडे. फेब्रुवारीपर्यंत धनराजकडेही होता. हा गावातला मोहफूल आणि हिरडा-बेहड्याचा व्यापारी. बाजाराच्या दिवशी त्याने इशाऱ्याची एक पोस्ट गुपचूप पुसून टाकली होती. तेव्हा पासवर्ड बदलून त्याला बाहेर काढलं होतं.

रशिदाने प्रणितला फोन लावला. तो सौजन्याने बोलला.

"मॅडम, मलाही फार वाईट वाटतंय. नोंद आली तर मी नीलिमाला कळवणार होतो. पण बुधवारी एकही नोंद आली नाही. पेजला मी हातसुद्धा लावला नाही. तिच्या खात्यातून पोस्ट गेली आहे, याला मी काय करू?"

"वारलूभाऊ म्हनते त्याइनं पाठवली होती."

"ते जुन्या वळणाचे आहेत हो. किती सांगितलं तरी जनावराचा रकाना मोकळाच सोडतात. अशा माणसाच्या बोलण्यावर किती विसंबायचं? उद्या मी येतोय सभेला, संस्थेचं पत्र घेऊन."

बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्यायची रशिदाची जुनी सवय. तिने हेही लिहिलं आणि कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

"पत्रात काय हाय, ठाऊक हाय तुले?"

"हाव," नीलिमा म्हणाली. "मले कामावरून काढलं, अन् जी काही चूक हाय ती माही, संस्थेची नाई."

३

शफीच्या स्कूटरवर दोघी दुपारच्या आत आसनटोल्यात पोचल्या. नीलिमा गावात शिरायला तयार नव्हती. तिला शाळेच्या व्हरांड्यात बसवून रशिदा एकटीच धनराजच्या गोदामाकडे गेली.

गोदामात मोहफुलांचा गोडसर आंबूस वास कोंडला होता. धनराज वजनकाट्याशेजारी खुर्ची टाकून बसला होता. बुधवारपासून त्याच्याकडे माल आला नव्हता.

"आल्या का रशिदाबाई तपासाले? फॉर्म भरायचं सोडून?"

"फॉर्मच भरून राह्यली, धनराजभाऊ. तुमची माहिती बाकी होती."

धनराज हसला नाही. "लिवा मंग. फेब्रुवारीत मी पोस्ट पुसली होती. हाव, पुसली. बाजार बसला होता माहा. पर टाकली कोनतीच नाई. अन् पासवर्ड बदलल्यावर तं दार बंदच झालं."

"तुमाले माल पायजे होता."

"पायजे होता. कोनाले नाई पायजे? अन् त्या पाच बायाइत माही बायको बी होती, हे बी लिवा."

त्याने बोट दाखवलं. आतल्या दाराच्या उंबऱ्यावर सरिता बसली होती. समोरच्या ताटातल्या भाताला हात लागलेला नव्हता. बायकोला मरणाच्या दारी धाडणारे नवरे रशिदाने आयुष्यात पाहिले नव्हते असं नाही. म्हणून ती धनराजच्या शब्दावर थांबली नाही, सरिताजवळ जाऊन खाली बसली.

"पोस्ट मीच वाचून दाखवली, बाई," सरिता म्हणाली. "अंजनाबाईले डोळ्यानं दिसे नाई बारीक. मले म्हने, काय लिवलं हाय नीलिमानं? मी म्हनली, मोकळा हाय."

"तुमाले ती पोस्ट वेगळी नाई वाटली? नीलिमा असं लिवत नाई."

"वाटली. सोमवारीच वाटली. पर सोमवारी खरी निघाली, मंगळवारी बी खरी निघाली. मंग बुधवारी कोन शंका घेते?"

रशिदा उठली. बाहेर येताना तिच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती. खोटी पोस्ट टाकायला निघालेला माणूस आधीचे दोन दिवस खऱ्या पोस्टी कशाला टाकेल? सोमवारी चितळ आणि मंगळवारी डुक्करच दिसलं, म्हणजे रस्ता खरंच मोकळा होता, हे त्या पोस्टी टाकणाऱ्याला ठाऊक होतं. ते नोंदीवाचून कळत नाही. नोंदी धनराजला दिसत नव्हत्या. धनराज लोभी होता, आणि त्याच्या खात्यावर दुसरे पुष्कळ हिशेब असतील, पण हा त्याचा नव्हता.

ज्याला नोंदी दिसत होत्या अशी दोनच माणसं उरत होती. त्यांतली एक शाळेच्या व्हरांड्यात बसली होती.

४

वारलूभाऊ अंगणातल्या खाटेवर नव्हे, खाली जमिनीवर बसला होता. बहीण गावातच दिलेली. पाठची, त्याने खांद्यावर घेऊन वाढवलेली. तिच्या मुलीने, ज्योत्स्नाने, दोघांपुढे काळा चहा आणून ठेवला आणि रशिदाकडे न बघता आत निघून गेली.

"तुमी बी नीलिमासाठी आल्या असान," तो म्हणाला.

"खरं काय झालं त्यासाठी आली, भाऊ. तुमचा फोन दाखवता?"

त्याने मुकाट्याने दिला. फोनमध्ये तलावाच्या काठाचे फोटो ओळीने होते, रोज एक. सोमवारचा: ओल्या मातीत चितळाची खुरं, वेळ चार बावीस. मंगळवारचा चार एकोणचाळीसचा.

"मंगळवारी उशीर झाला?"

"पायात काटा गेला होता. नाल्यापाशी बसून काढला."

बुधवारचा फोटो चार एकवीसचा. चिखलात पंज्याचा ठसा, वीतभर रुंद. मापासाठी शेजारी वारलूची काठी आडवी ठेवलेली. म्हातारा भरमला नव्हता. त्याने पाहिलं होतं, आणि फोटोही काढला होता.

रशिदाने पर्समधला कागद काढून वेळा शेजारी शेजारी लिहिल्या. बावीस आणि चोवीस. एकोणचाळीस आणि एकेचाळीस. एकवीस आणि तेवीस. तिन्ही दिवशी अंतर दोनच मिनिटांचं. वारलू वेळेवर गेला तरी दोन, काट्याने उशीर झाला तरी दोनच. चंद्रपुरात असो की ब्रह्मपुरीत, कुठला माणूस तीन दिवस वारलूच्या मागे बरोबर दोन मिनिटांनी जागा होईल? ज्याला झोप नाही, डोळे नाहीत, अशाच कुणीतरी या पोस्टी टाकल्या होत्या.

मग ज्याला डोळे नाहीत त्याने वाघाची नोंद वाचून रस्ता मोकळा का म्हणावं?

"भाऊ, बुधवारी तुमी फॉर्म कसा भरला? मले तसाच भरून दाखवा. पाठवू नका फक्त."

वारलूने फोन डोळ्यांपासून लांब धरला. चौथी शिकलेला माणूस, पण सरावाचं काम होतं. ठिकाण: तलाव. खाली फोटो जोडला. मधला रकाना, 'जनावर', त्याचा अंगठा त्यावरून न थांबता पुढे गेला.

"हे सुटलं, भाऊ."

"सुटलं नाई. सोडलं."

"काऊन?"

त्याने अंगणाच्या कडेला, रानाकडे पाहिलं. "त्याचं नाव नाई घेत बाई. रानात उभं राहून तं नाईच. अन् मोह गळते तवा घरात बी नाई. नाव घेतलं का तो येते. आमचा बाप नाई घेत होता, मी नाई घेत."

"पर हे लिवायचं होतं ना, बोलायचं नाई."

"लिवनं म्हंजे घेनंच झालं. चितळाचं लिवतो, डुकराचं लिवतो. त्याचं तेवढं मोकळं ठेवतो."

"मंग नीलिमाले कसं कळे?"

"तिले कळते. आमच्याच गावची पोरगी हाय ते. मोकळं दिसलं का समजते, तो हाय म्हनून."

 रशिदाने त्याच्या हातातला फोन घेऊन हळूच खाली ठेवला आणि चहाचा कप उचलला. चहा कधीच निवला होता, तरी ती पीत राहिली, कारण पिणं थांबवलं असतं तर बोलावं लागलं असतं.

५

शाळेच्या व्हरांड्यातून नीलिमाला घेऊन रशिदा परत निघाली. दुकानात आल्यावर तिने खणातली जाडजूड वही काढली. पोंभुर्ण्यातल्या आणि आसपासच्या निम्म्या माणसांचे ई-मेल रशिदानेच उघडून दिले होते, फॉर्मला लागतात म्हणून. लोक पासवर्ड विसरत, म्हणून ते या वहीत. ते मेल नंतर कुणी उघडून बघत नसे.

"तुहा मेल पाहू का?"

"माहा मेल हाय?" नीलिमाला आठवतही नव्हता.

जाहिरातींच्या ढिगाऱ्यात दोन पत्रं होती. एक, परीक्षेच्या आदल्या रविवारचं, दुपारी तीन पाचचं: तुमचं फेसबुक खातं आमच्या सेवेला जोडलं गेलं आहे. दुसरं, बुधवारचं, सकाळी सात बाराचं: तुमची जोडणी काढून टाकण्यात आली आहे, ठिकाण चंद्रपूर.

रशिदाला ही सेवा माहीत होती. चंद्रपूरच्या एका क्लासवाल्याचं पेज तिने असंच जोडून दिलं होतं. एका वाफ्यातलं पाणी पाट काढून दुसऱ्या वाफ्यात सोडावं तसं हे काम. इकडे फॉर्ममध्ये नोंद पडली की तिकडे पेजवर पोस्ट, मधे माणूस लागत नाही. आपल्या खात्याने एकदा परवानगी दिली की पुढचं सगळं आपल्या नावावर होत राहतं. पाणी कुठे वळवायचं तेवढं आधी ठरवून द्यायचं: रकान्यात वाघ, बिबट, अस्वल लिहिलेलं असेल तर इशारा. दुसरं काही असेल तर रस्ता मोकळा. आणि काहीच नसेल तरी रस्ता मोकळाच.

"रविवारी तुले प्रणितनं काही पाठवलं होतं?"

"लिंक पाठवली होती. म्हने, पेज पाहायले परवानगी लागते. मी बसस्टँडवर होती. गाडी लागली होती. ओके ओके करत गेली."

"वाचलं नाई?"

नीलिमाने वर पाहिलं. "तुमीच सांगत होत्या ना आपा. लाइन मोठी हाय, वाचत नको बसू, ओके दाबत जा."

 अठरा वर्षांत रशिदाने हे वाक्य किती जणांना शिकवलं असेल याचा अंदाजही तिला करवेना. ती उठून मागच्या मोरीत गेली आणि तोंडावर पाणी मारून आली.

"एक सांग. वारलूभाऊ एखाद्या वेळेस जनावराचं नाव सोडत, हे तू प्रणितले सांगितलं होतं?"

"कोनालेच नाई. सांगायचं काय त्याच्यात? मी शीटमध्ये माह्या हातानं 'वाघ' टाकून देत होती. ऑफिसले मोकळं दिसलं तं भाऊले ओरडतीन म्हनून."

रशिदाने झेरॉक्सचा तो कागद उलगडला आणि सकाळी लिहून घेतलेली प्रणितची ओळ पुन्हा वाचली. मग तिने दोन्ही मेलच्या दोन दोन प्रती काढल्या.

६

सोमवारी सभेआधी ती पुन्हा वारलूच्या अंगणात गेली. मोकळ्या रकान्याने काय झालं ते सभेत सगळ्यांसमोर त्याच्या कानावर पडण्यापेक्षा आपण सांगावं, असं तिने रात्री ठरवलं होतं. ती सुरुवात करायला शब्द शोधत होती, तेवढ्यात तोच म्हणाला, "मले कालच कळलं, बाई. तुमी फोन ठेवून गप झाल्या, तवाच."

ग्रामपंचायतीपुढे लिंबाखाली गाव जमलं होतं. नीलिमा एका बाजूला एकटी उभी. ज्योत्स्नाच्या हातात अर्ज होता. प्रणित स्वच्छ शर्टात, फाईल मांडीवर घेऊन सरपंचांशेजारी बसला होता. रशिदाने सरपंचांची परवानगी मागितली आणि तिला ती मिळाली, कारण सभेतल्या अर्ध्या लोकांचे दाखले तिनेच काढलेले होते.

"प्रणितभाऊ, बुधवारी नोंद आलीच नाई म्हनता?"

"नाही आली. शीट नीलिमालाही दिसते, तिला विचारा."

"शीटमधली ओळ पुसली तं नाई दिसत. हा वारलूभाऊच्या फोनमधला फोटो, चार एकवीसचा." फोन हातोहात फिरला. "काल तुमी मले म्हनलं, वारलूभाऊ जनावराचा रकाना मोकळा सोडतात. बरोबर?"

"सोडतातच."

"हे तुमाले कसं कळलं?"

"म्हणजे? नोंदी दिसतात ना मला."

"दोन वर्षांच्या नोंदीत एक बी रकाना मोकळा नाई. मोकळा असला का ही पोरगी आपल्या हातानं भरत होती, अन् कोनाले सांगत नव्हती. सोमवारी चितळ लिवलं होतं, मंगळवारी डुक्कर. न भरलेला रकाना ऑफिसात कोनी पाहू शकत होतं तं तो एकच, बुधवारचा. जी नोंद तुमच्याकडं आलीच नाई, ती मोकळी होती हे तुमाले दिसलं कसं?"

प्रणितने मांडीवरची फाईल बंद केली. रशिदाने मेलची एक प्रत सरपंचांपुढे ठेवली आणि जोडणीचं सगळं साध्या शब्दांत समजावलं. बुधवारी सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी नीलिमा ब्रह्मपुरीत परीक्षेच्या दारात उभी होती. जोडणी काढली ती चंद्रपुरातून.

"मला मुद्दाम काही करायचं नव्हतं," प्रणित अखेर म्हणाला. त्याचा आवाज सकाळच्या शर्टाएवढा नीटस राहिला नव्हता. "रोज पहाटे उठणं मला जमलं नसतं. मोकळा रकाना म्हणजे काही दिसलं नाही, असं मी धरलं. कुणीही तेच धरलं असतं. सातला वारलूभाऊंचा फोन आला. मी शीट उघडली, आणि मी घाबरलो."

"घाबरला म्हनून ओळ पुसली, जोडणी तोडली," रशिदा म्हणाली. "अन् मंग पोरीच्या नावाचं पत्र घेऊन आला. चूक कोनाकडूनबी होते, भाऊ. पर पत्र तुमी ठंड्या डोक्यानं लिवलं."

लोक एकदम बोलू लागले. धनराज उठून प्रणितच्या अंगावर जाणार होता, त्याला दोघांनी धरलं. गलक्यात ज्योत्स्नाचा आवाज कुणाला आधी ऐकूच आला नाही. तिने पुन्हा विचारलं.

"मंग माही माय कोनामुळं गेली?"

सगळे रशिदाकडे बघू लागले. तिला उत्तर ठाऊक होतं, पण ते एका नावात मावणारं नव्हतं. न उठणारा प्रणित त्यात होता, न वाचणारी नीलिमा होती, आणि वाचू नको म्हणून शिकवणारी ती स्वतःही होती. ती तसं म्हणालीही, जमेल तेवढ्या शब्दांत. ज्योत्स्नाने ऐकून घेतलं. मग तिने अर्ज गुडघ्यावर पसरला आणि नीलिमाच्या नावावर रेघ मारली. एकदा, आणि ती फिकट उमटली म्हणून दुसऱ्यांदा. शेजारी प्रणितचं पूर्ण नाव विचारून लिहिलं.

गर्दीच्या मागून वारलू पुढे आला. लोकांनी वाट दिली.

"माहं बी लिव," तो म्हणाला.

"मामा..."

"लिव, पोरी. रकाना म्याच सोडला. मले त्याचा धाक होता, तिची काळजी नाई केली. लिव."

ज्योत्स्नाने पेन उचललं. कागदाला टेकवलं.  ती मामाकडे बघत राहिली. त्याच्या वाढलेल्या पांढऱ्या खुंटांकडे, अनवाणी पायांकडे. मग तिने पेनाला टोपण लावलं.

"घरी चला, मामा. शुक्रवारी दहावं हाय, काहीच तयारी झाली नाई."

ती उठली, त्याचा हात धरला आणि चालू लागली. दहा पावलं गेल्यावर थांबली. नीलिमा अजून तिथेच, भिंतीला टेकून उभी होती.

"तू बी चाल," ज्योत्स्ना मागे न वळता म्हणाली. "पानी भरायचं हाय."